मराठी ख्रिस्ती समाज आणि मिशनांची राजनिष्ठा

महाराष्ट्रांत ख्रिस्ती मनुष्यावर एक आरोप फार जुना आहे. तो धर्मानें जितका दूर गेला तितकाच देशालाहि दुरावला, आणि रविवारीं देवळांत बसून तो जी प्रार्थना करितो ती परक्या राजाच्या दीर्घायुष्यासाठींच करितो, असा तो आरोप होय. गंमत अशी कीं, हा आरोप करणारे आमचे सनातनी बंधु आणि ज्यांच्या नांवानें ते बोटें मोडीत ते गोरे मिशनरी, ह्या दोघांचें ह्या एका बाबतींत एकमत होतें. पुष्कळ मिशनऱ्यांनाहि असेंच वाटे कीं, बाप्तिस्मा घेतलेला मनुष्य सरकारचा पक्षपाती असावयाचाच. एकाला त्याची चीड होती व दुसऱ्याला त्याचा भरंवसा होता, एवढाच फरक. ज्याच्याविषयीं हें सगळें बोललें जाई त्या मराठी ख्रिस्ती मनुष्याचें स्वतःचें मत काय, हें विचारण्याची तसदी दोघांपैकीं कोणी फारशी घेतली नाहीं.

प्रस्तुत लेखांत त्या मताचा थोडा मागोवा घ्यावयाचा आहे. आपल्या मंडळीच्या राजकीय धोरणाशीं ज्यांचें पटलें नाहीं त्यांनीं काय केलें, आणि तें करणें त्यांना केवढ्याला पडलें, हा आमचा प्रश्न आहे. हा लेख वऱ्हाडांतून, सातपुड्याच्या पायथ्याकडील वरवट बकाल ह्या गांवाहून लिहिला जात आहे, हेंहि येथेंच सांगून ठेवतों. कारण ह्या कथेंतील सर्वांत तीव्र प्रसंग त्याच सातपुड्याच्या पूर्वेकडील टोकाला घडलेला आहे.

आरंभ मात्र मुंबईपासून केला पाहिजे. १८१३ सालीं गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे दोन तरुण अमेरिकन उपदेशक मुंबई बंदरांत उतरले, तेव्हां कंपनी सरकारनें त्यांचें स्वागत केलें नाहीं. त्या वेळीं अमेरिका व इंग्लंड ह्यांचें युद्ध चालू होतें, आणि उपदेशकांमुळें रयत बिथरेल अशी कंपनीला धास्ती होती. दोघांना परत पाठविण्याचा हुकूम निघाला. ते गुपचूप कोचीनच्या वाटेनें सिंहलद्वीपाकडे निघाले, तेथून त्यांना पकडून परत आणलें, आणि शेवटीं गव्हर्नर इव्हान नेपियन ह्याच्या मनाच्या मोठेपणामुळें त्यांना राहूं देण्यांत आलें. अमेरिकन मराठी मिशनचा पाया हा असा पडला. ह्या मिशनचें अहमदनगरचें ठाणें १८३१ सालीं सुरू झालें, व ‘ज्ञानोदय’ हें पत्र १८४२ सालीं तेथूनच निघालें.

सरकारी हुकूम चुकवून ज्या मिशनचा पाया घातला गेला त्याच मिशनला शंभर वर्षांनीं सरकारच्या मनासारखें वागण्याची लेखी हमी द्यावी लागली, हा इतिहासाचा विनोद आहे. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिशेतर मिशनांकडून सरकारनें जी कबुली घेतली तिचा आशय असा होता कीं, संस्थेनें राजकारणापासून दूर राहावें आणि आपलें वजन कायदेशीर सरकारशीं निष्ठेनें सहकार्य करण्याकडे खर्चावें. अलिप्तपणा आणि सहकार्य हीं दोन्ही एकाच वाक्यांत कशीं मावलीं, हें त्या मसुद्याच्या कर्त्यालाच ठाऊक! सरकारच्या बाजूनें बोलणें हें राजकारण नव्हे आणि विरुद्ध बोलणें तेवढें राजकारण, असाच त्याचा सरळ अर्थ होतो. ह्या कबुलीला धार किती होती तें १९३० सालीं दिसून आलें. मराठी मिशन ज्या बोस्टनच्या मंडळानें चालविलें त्याच मंडळाच्या मदुरा मिशनमधील राल्फ कीथान ह्या तरुण मिशनऱ्याला त्या वर्षीं हिंदुस्थान सोडावें लागलें. गांधीजींच्या एका इंग्रज सहकाऱ्याला त्यानें आपल्या घरीं उतरूं दिलें, एवढें निमित्त पुरलें.

गोऱ्या मिशनऱ्याला निदान परत जावयाला देश होता. मराठी ख्रिस्ती माणसाची गोष्ट निराळी. नगर, सोलापूर, सातारा ह्या भागांत जे ख्रिस्ती झाले त्यांतील पुष्कळांचा जातीचा आधार एकाच दिवशीं तुटला. मग मिशनच्या शाळेंत मास्तरकी, खेड्यांत उपदेशकाचें काम, बायकांना बायबल-बाईची जागा, छापखान्यांत खिळे जुळविणें, हीं रोजगाराचीं साधनें. राहावयाला घर मिशनच्या आवारांत, मुलें मिशनच्या बोर्डिंगांत, दुखण्याखुपण्याला दवाखाना मिशनचा, आणि शेवटची जागाहि मिशनच्याच दफनभूमींत. अशा मनुष्यानें मिशनशीं राजकीय मतभेद दाखवावयाचा म्हणजे धन्याशीं, घरमालकाशीं, मुलांच्या मास्तराशीं आणि पाळकाशीं एकाच वेळीं वांकडें घ्यावयाचें. ख्रिस्ती समाज देशाच्या चळवळींत मागें कां, असें विचारणाऱ्यांनीं हें चित्र डोळ्यांपुढें ठेवावें. सरकारी कचेरींतील हिंदु कारकून तरी सत्याग्रहांत किती होते?

इंग्लंडच्या चर्चची तऱ्हा आणखी निराळी होती. कलकत्ता, मद्रास व मुंबई येथील बिशपांचे आणि लष्करी चॅपलेनांचे पगार हिंदुस्थानच्या तिजोरींतून दिले जात. म्हणजे उपदेशकाचा पगार मिशनच्या हातीं आणि धर्माध्यक्षाचा पगार सरकारच्या हातीं, अशी ती साखळी होती. तिच्या टोकाला जो मराठी मास्तर बसलेला होता त्याच्या तोंडून स्वराज्याचा शब्द निघाला नाहीं, ह्याचें नवल नाहीं. ज्यांच्या तोंडून निघाला त्यांचें नवल आहे.

त्यांतील पहिलें नांव पंडिता रमाबाईंचें. १८८३ सालीं वाँटेज येथें बाप्तिस्मा घेतल्यावर कांहीं महिन्यांतच त्यांनीं आपल्या धर्मगुरूंशीं व धर्मभगिनींशीं जो पत्रव्यवहार सुरू केला, त्यांतील मुद्दा एकच: आपल्या विवेकाच्या किल्ल्या दुसऱ्याच्या हातीं द्यावयाच्या नाहींत. तो वाद मुख्यतः धर्ममतांचा होता. तथापि ज्या बाईनें बिशपाला शरण जाण्याचें नाकारलें ती कलेक्टरालाहि शरण जावयाची नव्हती. १८८९ सालच्या मुंबईच्या काँग्रेसला ज्या थोड्या स्त्रिया प्रतिनिधि म्हणून आल्या त्यांत त्या होत्या. १८९७ सालीं पुण्यांत प्लेगचा बंदोबस्त चालू असतां स्त्रियांना जी वागणूक मिळाली, तिच्याविरुद्ध त्यांनीं ‘बॉम्बे गार्डियन’ ह्या ख्रिस्ती पत्रांत उघड तक्रार केली. सरकारनें ती नाकारली, पण ती सरकारला झोंबली हें खरें. हें धैर्य त्यांच्या अंगीं होतेंच. परंतु त्यांच्या शारदासदनाला लागणारा पैसा कोणत्याहि एका चर्चचा नव्हता, हेंहि विसरतां येत नाहीं. अमेरिकेंत १८८७ सालीं स्थापन झालेली रमाबाई असोसिएशन तो पुरवीत असे, आणि तींत अनेक पंथांचे लोक होते. पगार बंद करणारा एक धनी त्यांच्या डोक्यावर नव्हता.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या डोक्यावर तो होता. ह्यासाठींच त्यांची गोष्ट ह्या लेखाच्या दृष्टीनें अधिक बोधप्रद आहे. नागपूरहून राजनांदगांवकडे जातांना आगगाडींत भेटलेल्या एका युरोपियनानें त्यांच्या हातीं नवा करार दिला, तेथून सुरू झालेला प्रवास १८९५ सालीं मुंबईस बाप्तिस्म्यापर्यंत पोंचला, आणि पुढें ते नगरास अमेरिकन मिशनच्या कामाला लागले. १९०४ सालीं त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचें संपादन त्यांच्याकडे आलें. ह्या सगळ्या काळांत त्यांची देशभक्तीची कविता चालू होती, आणि ती वाचणाऱ्या हिंदु वाचकांना कवीचा धर्म आठवण्याचें कारण पडत नसे. मंडळींत अभंग, भजन व कीर्तन आणण्याचा त्यांचा खटाटोप हा नुसता संगीताचा प्रश्न नव्हता. ख्रिस्त हा इंग्रजांच्या बरोबर बोटींतून आलेला पाहुणा नसून आमच्या घरचा आहे, असें त्यांना दाखवावयाचें होतें.

१९१७ सालीं त्यांनीं मिशनची पगारी नोकरी सोडली. त्या वेळीं त्यांचें वय पंचावन्नाच्या घरांत होतें, आणि त्या वयांत बांधलेला पगार सोडणें म्हणजे काय हें पेन्शनीकडे डोळे लावून बसलेल्या आमच्या व्यवसायबंधूंना वेगळें सांगावयास नको. साताऱ्यास राहून त्यांनीं ‘देवाचा दरबार’ ह्या नांवानें एक बंधुवर्ग उभारण्याचा प्रयत्न केला. त्यांत बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त एकत्र यावयाचे होते. हा निव्वळ राजकीय राजीनामा होता असें कोणी म्हणेल तर तें खरें होणार नाहीं. टिळकांची तळमळ धर्माची होती, आणि तिला राजकीय लेबल चिकटविणें हा त्यांच्यावर अन्याय होईल. परंतु सालाकडे लक्ष द्यावें. आदल्याच वर्षीं बेळगांवास होमरूल लीग स्थापन झाली होती; त्याच वर्षाच्या ऑगस्टांत माँटेग्यूसाहेबांनीं जबाबदार राज्यपद्धतीचा उच्चार केला. बाहेर देशाचें होमरूल मागितलें जात असतां टिळकांनीं आंत मंडळीचें होमरूल मागितलें, असें आम्हांस वाटतें. परक्यांच्या पैशावर चालणारी मंडळी परक्यांच्याच मताची राहणार, हें त्यांनीं ओळखलें आणि सुधारणेला स्वतःच्या ताटापासून आरंभ केला.

पुढें दोनच वर्षांनीं, मे १९१९ मध्यें, मुंबईस त्यांचा अंत झाला. दरबाराला रूप येण्यास तेवढा काळ पुरला नाहीं, आणि त्यांच्यामागें तो टिकला नाहीं. ‘ख्रिस्तायन’ अपुरें राहिलें तें लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें. लक्ष्मीबाईंचीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊं लागलीं. मराठी वाचक तीं विनोदासाठीं वाचतो, आणि तें योग्यच आहे. पण पैशाची तमा नसलेल्या माणसाच्या बायकोला घर कसें चालवावें लागतें ह्याचाहि तो एक दस्तऐवज आहे. तत्त्वासाठीं पगार सोडणाऱ्याचें नांव इतिहासांत जातें. महिनाअखेर डब्यांत तळ दिसतो तो दुसऱ्याच कोणाला.

टिळकांच्या शेजारीं जोसेफ ऊर्फ काका बॅप्टिस्टा ह्यांना उभें केलें म्हणजे पगाराचा मुद्दा स्पष्ट होतो. माझगांवच्या माथारपाखाडींत जन्मलेले हे रोमन कॅथलिक गृहस्थ ईस्ट इंडियन समाजाचे. मुंबई व साष्टीच्या ह्या जुन्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांनीं १८८७ सालीं, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षीं, आपली सभा काढून हें नांव घेतलें. आम्ही कंपनीच्या वेळेपासूनची प्रजा आहों, नोकऱ्यांत आमचा हक्क पहिला, असें सरकारला सुचविण्याचा त्यांत हेतु होता. ज्या समाजानें राजनिष्ठा नांवांतच गोंदून घेतली त्या समाजांतला हा मनुष्य १९१० सालीं सावरकरांच्या खटल्यांत बचावाचा वकील म्हणून उभा राहिला, आणि १९१६ सालीं लोकमान्यांच्या होमरूल लीगचा अध्यक्ष झाला. पुढें ते कामगार चळवळीचे पुढारी झाले, १९२५ सालीं मुंबईचे महापौर झाले, आणि १९३० सालीं वारले. काका केंब्रिजला शिकलेले बॅरिस्टर होते. त्यांची चूल वकिलीवर पेटत होती, आणि ती विझविण्याचें सामर्थ्य कोणत्याहि पाद्र्याच्या हातीं नव्हतें. त्यांचें मोठेपण ह्यानें कमी होत नाहीं. मात्र टिळकांचें काय गेलें तें ह्यानें कळतें.

१९३० साल उजाडलें तेव्हां हा प्रश्न कवींच्या व वकिलांच्या हातांतून सुटून थेट धर्माध्यक्षांच्या दारीं गेला. गांधीजींनीं मिठाचा सत्याग्रह सुरू केला, आणि कायदेभंग हा ख्रिस्ताच्या शिकवणुकीला धरून आहे कीं नाहीं, ह्यावर ख्रिस्ती लोकांतच झुंज लागली. जे. सी. कुमारप्पा हे तंजावरकडील ख्रिस्ती हिशेबतपासनीस तेव्हां ‘यंग इंडिया’त लिहीत असत. अहिंसेचा पंथ हा तुमच्याच प्रभूचा पंथ आहे, तर त्याला साह्य करा, असें आवाहन त्यांनीं मिशनऱ्यांना केलें. कलकत्त्याचे मेट्रोपॉलिटन फॉस वेस्टकॉट ह्यांनीं तें मानलें नाहीं. कायदा मोडणें व ख्रिस्ताचें अनुकरण करणें ह्यांची सांगड त्यांना मान्य नव्हती. कुमारप्पांनींहि माघार घेतली नाहीं. तुरुंगवास भोगून पुढें ते वर्ध्यास मगनवाडींत ग्रामोद्योगांचें काम करीत राहिले, म्हणजे आमच्या विदर्भाचेच झाले. येशूच्या आचारविचारांवर त्यांनीं जें पुस्तक लिहिलें तें तुरुंगांतलें आहे. धर्माध्यक्षाशीं भांडूनहि धर्म न सोडणारा हा गृहस्थ आमच्या मतें ह्या मालिकेंतील सर्वांत तर्कशुद्ध मनुष्य होय.

आतां सातपुड्याची गोष्ट. इंग्लंडच्या चर्चचे रेव्हरंड जॅक विन्स्लो हे नगर जिल्ह्यांत काम करीत असतां टिळकांच्या सहवासांत आले, आणि पुढें त्यांनीं टिळकांचें इंग्रजी चरित्रहि लिहिलें. १९२२ सालीं त्यांनीं ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला. गोरे व काळे ह्यांनीं एका पंगतीला बसावें, खादी वापरावी, भारतीय पद्धतीनें उपासना करावी, असा त्याचा बाणा होता. टिळकांच्या दरबाराचें बी ह्या निराळ्या जमिनींत रुजलें असें म्हणावयास हरकत नाहीं. ह्या संघांत १९२७ सालीं व्हेरियर एल्विन हा ऑक्सफर्डचा तरुण धर्मोपदेशक पुण्यास येऊन दाखल झाला. तो एका बिशपाचा मुलगा; पण साबरमतीला गेला आणि गांधीजींचाच झाला. ‘ख्रिस्त आणि सत्याग्रह’ ह्या विषयावर त्यानें १९३० सालीं पुस्तिका लिहिली. पुढच्या वर्षीं विन्स्लो व एल्विन ह्या दोघांनीं मिळून हिंदी स्वातंत्र्याच्या उषःकालावर जें पुस्तक लिहिलें, त्याला प्रस्तावना यॉर्कच्या आर्चबिशपांची होती. तें पुस्तक इंग्लंडांत दुसऱ्या क्रमांकाच्या धर्माध्यक्षाच्या आशीर्वादानें निघालें; परंतु त्यांतील मत घेऊन मध्यप्रांतांत वावरणें ही वेगळी गोष्ट होती.

जानेवारी १९३२ मध्यें एल्विन व त्याचा मराठी ख्रिस्ती मित्र शामराव हिवाळे हे दोघे मंडला जिल्ह्यांतील करंजिया ह्या गोंडांच्या गांवीं जाऊन राहिले. मैकल डोंगरांतील तें गांव नागपूरच्या बिशपाच्या हद्दींत येई. बिशप अॅलेक्स वुड हे कांहीं कोरे साहेब नव्हते. त्यांची उमेदीचीं वर्षें चांद्याकडे गेलीं होतीं आणि त्या मुलखावर त्यांनीं पुस्तकहि लिहिलें होतें. न्यायानें सांगावयाचें तर राज्याचा कायदा मोडण्यास उत्तेजन देणारा धर्मोपदेशक आपल्या अधिकाराखालीं असूं नये, असें त्यांना मनापासून वाटत होतें. त्यांनीं एल्विनला अट घातली कीं, बादशहाशीं राजनिष्ठेची शपथ घे, तरच उपासना चालविण्याचा परवाना मिळेल. एल्विननें शपथ नाकारली, आणि परवाना मिळाला नाहीं.

ह्या अटीचा एक विशेष कोणाच्या फारसा ध्यानांत येत नाहीं. हिंदुस्थानांतील हें चर्च १९३० सालींच इंग्लंडच्या चर्चपासून कायद्यानें वेगळें झालेलें होतें. म्हणजे चर्च सरकारी राहिलेलें नव्हतें, शपथ मात्र सरकारची होती! कायद्याचें बंधन तुटल्यावरहि संवयीचें बंधन किती दिवस टिकतें ह्याचें ह्याहून चांगलें उदाहरण आम्हांस माहीत नाहीं. त्याच वर्षीं एल्विन इंग्लंडला गेला तेव्हां सरकारनेंहि आपला हात दाखविला. राजकीय चळवळींत भाग घेणार नाहीं असें लिहून दिल्यावरच त्याला परत येऊं दिलें, आणि गोंडांकडे परतण्यासाठीं त्यानें तें लिहून दिलें. बिशपाची शपथ नाकारणाऱ्यानें सरकारला वचन कां दिलें, असा आक्षेप येईल. आमच्या मतें दोहोंत फरक आहे. सरकार त्याचे हात बांधीत होतें, बिशप त्याच्या आत्म्यावर सही मागत होता. शेवटीं १९३५ सालीं त्यानें चर्चच सोडलें. ह्याला वुडसाहेबांचा हुकूम हें एकच कारण नव्हतें. पण ज्या वेदीपुढें उभें राहूं दिलें नाहीं तिची ओढ हळूहळू कमी व्हावी हें मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. आदिवासींवरील त्याच्या ग्रंथांची कीर्ति, १९५४ सालीं त्यानें पत्करलेलें भारताचें नागरिकत्व, ह्या गोष्टी सर्वश्रुत आहेत.

शामराव हिवाळे ह्यांची मात्र कोणी फारशी आठवण काढीत नाहीं. एल्विनबरोबर पेशावरकडील दडपशाहीची चौकशी करण्यास ते गेले. करंजियांत औषधपाणी, शाळा, भांडणतंटे हा संसार त्यांनीं सांभाळला. १९४६ सालीं त्यांनीं नर्मदेच्या वरच्या खोऱ्यांतील परधान लोकांवर एक ग्रंथ लिहिला आणि मित्राचें चरित्रहि लिहिलें. इंग्रजानें बंड केलें तर त्याचें चरित्र होतें. मराठी माणूस त्याच बंडांत पहिल्या दिवसापासून असला तरी तो चरित्राचा लेखक तेवढा होतो.

ख्रिस्ती समाजांतील सर्वच मतभेद धर्माध्यक्षांविरुद्ध होते असें नाहीं. समाजांत आपसांतहि दोन तट होते. १९३१ सालच्या दुसऱ्या गोलमेज परिषदेंत डॉ. एस. के. दत्त ह्यांनीं ख्रिस्त्यांना विभक्त मतदारसंघ नकोत असें सांगितलें, आणि मद्रासकडील कॅथलिक प्रतिनिधि पन्नीरसेल्वम् ह्यांनीं अल्पसंख्याकांच्या करारावर सही केली. पुढच्या वर्षींच्या जातीय निवाड्यानें ज्याला नको होते त्यालाहि ते दिले. राखीव जागांचा हा पसारा १९४९ सालीं घटना समितीनें धार्मिक अल्पसंख्याकांपुरता गुंडाळला, त्या वेळीं अल्पसंख्याकांच्या उपसमितीचे अध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी हे स्वतः ख्रिस्ती होते.

नागपूरचें ऑल सेंट्स कॅथीड्रल, म्हणजे वुडसाहेबांचेंच आसन, अजून उभें आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजीं त्याच ठिकाणीं उत्तर भारताच्या एकत्रित चर्चची स्थापना झाली. इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेंतील मंडळ्या आणि नगरच्या अमेरिकन मिशनच्या परंपरेंतील मंडळ्या त्या दिवशीं एका छताखालीं आल्या. बादशहाच्या निष्ठेचा प्रश्न तोंवर उरलेलाच नव्हता; मालमत्ता कोणाच्या नांवावर आणि पाळकांचा पगार कोणी द्यावयाचा, हे प्रश्न मात्र नव्या चर्चपुढेंहि होतेच.